नावाची बाजू वर

"नीट ठेवा की पाय! डोळे काय आभाळाला लावलेत?"

सकाळी सकाळी ओढ्यावर तोफ धडाडली. नवरा दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेऊन पाण्यात मधोमध उभा होता आणि शेवाळलेल्या धोंड्यावर त्याचा अंगठा जागा शोधत होता. लग्न झाल्यापासून बोलायचं काम त्यानं बायकोकडं सोपवलं होतं आणि ती ते दोघांच्या वाटचं करायची. तिचं खरं नाव गावात आता कुणाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. तोंडावर सगळे काकू म्हणायचे आणि पाठ फिरली की तोफ.

ओढा तसा काही फार मोठा नव्हता. पण गाव आणि डांबरी रस्ता यांच्या बरोबर मध्ये आडवा पडलेला. दूध डेअरीवर, पोरं शाळेत, आजारी माणूस दवाखान्यात, सगळ्यांना त्याच्यातूनच जायचं. वर डोंगरात पाऊस झाला की इथं लख्ख उन्हात पाणी गुडघ्याला लागायचं आणि मधल्या धारेतले धोंडे लोण्यासारखे व्हायचे.

ह्याच धोंड्यांवर गेल्या वर्षी तोफेची सून पडली. पाचवा महिना होता. सून वाचली, पोटातलं वाचलं नाही.

त्यानंतर मोठे साहेब मतं मागायला ह्या बाजूला आले, तेव्हा तोफ त्यांच्या गाडीपुढं जाऊन आडवी झाली. पोलीस तिला ओढायला लागले तर साहेबच खाली उतरले. तिच्या अंगणात आले, पाणी प्यायले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ही पोरगी पुलावरून जाईल. हा माझा शब्द." लगेच काठावर सिमेंटचा चौथरा झाला. चौथऱ्यावर गुळगुळीत दगड उभा राहिला, दगडावर पुलाचं नाव लहान आणि साहेबांचं मोठं. आणि पूल? पूल कुठला! साहेब निवडून आले, खुर्चीवर बसले आणि दगडाच्या पुढं काम तसूभर सरकलं नाही.

आता सुनेला परत नववा लागला होता. मुलगा लांब कारखान्यात, महिन्याकाठी एकदा तोंड दाखवणार. तोफेनं सुनेला ओढ्याकडं फिरकायची बंदी घातली होती, पण दिवस भरल्यावर काय? दवाखाना तर पलीकडंच. ह्या एका विचारानं बाईची झोप उडाली होती. रोज येता-जाता ती त्या दगडापुढं थांबायची आणि त्याला चार शब्द सुनावून मगच पाण्यात उतरायची.

"परत ये मतं मागायला," ती दगडाला म्हणायची, "नाही तुला घरी बसवला तर बघ."

त्या दिवशी किटल्या घेऊन दोघं डेअरीवर पोचली तर तिथं घोळका जमलेला. डेअरीवाल्यानं रेडिओ खिडकीत ठेवला होता आणि दूध मोजायचं सोडून त्याला कान लावला होता.

"काय झालं? कोण गेलं?" तोफेनं विचारलं.

"साहेब गेले."

"अगं बाई! मेला?"

"मेले नाहीत हो, काढले! त्यांच्याच पक्षानं. रात्री बैठक झाली, सकाळी खुर्चीवर दुसराच."

न्हाव्याचं दुकान डेअरीला लागूनच होतं. तो हातात कात्री घेऊन बाहेर आला. त्याचं गिऱ्हाईकही आलं, अर्धं डोकं भादरलेलं. "बरं झालं!" न्हावी म्हणाला. "माज चढला होता."

"बरं काय झालं त्यात?" म्हातारे मास्तर उसळले. "आपण मत दिलं ते त्याच्या तोंडाकडं बघून. बसवताना दारोदार विचारत फिरले आणि उठवताना कुणी विचारलं आपल्याला?"

"पक्षाची अंतर्गत बाब आहे म्हणतायत," डेअरीवाला रेडिओकडं बोट दाखवत म्हणाला.

"अंतर्गत! म्हणजे आपण बाहेरचे."

"मास्तर, तुम्ही उगाच रक्त आटवताय. कुणी का बसेना, आपली दाढी काय फुकट होणार आहे?"

"तुझी नाही होणार रे. पण दिलेल्या मताचं काय करायचं आता? परत मागायचं?"

इतका वेळ तोफ गप्प होती, हेच सगळ्यांना नवल. आणि मग ती जी सुटली!

"त्याला काढणारे हे कोण? त्याला मी काढणार होते!"

घोळका फिदीफिदी हसला.

"दात काय काढताय? वर्षभर राग सांभाळलाय मी. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पाठ केलंय, दारात आला की काय काय बोलायचं ते. आता कुणाला बोलू?"

"नव्याला बोला की काकू," न्हावी म्हणाला.

"नव्याला बोलायला गेले तर तो म्हणणार, बाई, मी कालच आलो. जुन्याला बोलायला गेले तर तो म्हणणार, बाई, मी आता कुणीच नाही. मग माझ्या अंगणात शब्द दिला तो कुणी? वाऱ्यानं?"

मास्तरांनी मान हलवली. डेअरीवाल्यानं रेडिओ बंद करून दूध मोजायला घेतलं.

दोन दिवसांनी भोंग्या आला. भोंग्या म्हणजे साहेबांच्या पक्षाचा गावातला माणूस. सभा असली की कर्णा लावायचा, घोषणा द्यायच्या, लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते खुणेनं सांगायचं, ही त्याची कामं. मोटरसायकल ओढ्यापलीकडं लावून, पांढरे बूट हातात धरून तो पाण्यातून आला आणि थेट तोफेच्या अंगणात उभा राहिला.

"काकू, आनंदाची बातमी! नवे साहेब गुरुवारी स्वतः येतायत. पुलाची पायाभरणी करायला!"

"पायाभरणी झालीय की. दगड उभा आहे, आंधळा आहेस का?"

"ती जुन्या साहेबांची. ती आता धरत नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे नेतृत्व बदललं ना काकू. सगळं नव्यानं सुरू करायचं असा वरून आदेश आहे."

"अरे पण पक्ष तोच, झेंडा तोच, आणि बोंबलणारा तूसुद्धा तोच! गाडीचा ड्रायव्हर बदलला म्हणून आत बसलेल्यांना परत तिकीट काढायला लावतात का रे कुठं?"

"तुम्हाला राजकारण कळत नाही काकू."

"मला कळायला नको. माझ्या सुनेला पलीकडं जायचंय. आठ-पंधरा दिवसांत जायचंय. कशावरून नेऊ, तुझ्या पाठीवरून?"

भोंग्यानं बूट काखेत मारले आणि तो पाथरवटाच्या घराकडं सटकला. पाथरवट तोफेच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. संध्याकाळी तोफ तिकडं गेली तर छिन्नीचा आवाज येतच होता.

"भावजी, तुम्हीसुद्धा?"

"मी काय करू वहिनी? मला नाव कोरायला सांगतात, पूल बांधायला सांगत नाहीत." त्यानं दगडावरची पूड फुंकली. "ह्या पुलाचा हा तिसरा दगड माझ्या हातचा."

"तिसरा? दुसरा म्हणा."

"तिसरा. तुमचा मुलगा शाळेत होता तेव्हा एक बसवला होता, आठवत नाही? तेव्हाचे साहेब निराळे. पक्ष हाच. त्यांनाही असंच मधेच उतरवलं. तो दगड न्हाव्याच्या बायकोनं धुणं धुवायला नेला, अजून आहे परसात."

तोफ उंबऱ्यावर बसली. ऐकून संताप यायला हवा होता, पण तिला नुसता थकवा आला.

गुरुवारी सकाळी दोन गडी आले. त्यांनी जुना दगड पहारीनं उपटला, चौथऱ्यावरून ढकलला आणि काट्याकुट्यांत लोटून दिला. तिथं नवा उभा केला, वर कापड टाकलं. दुपारी पलीकडच्या रस्त्यावर गाड्या लागल्या. साहेबांचे पाय भिजू नयेत म्हणून ओढ्यावर फळ्या टाकल्या होत्या. नवे साहेब फळ्यांवरून आले, कापड ओढलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ह्या गावाच्या लेकीसुना पुलावरून जातील."

"पुढच्या वर्षी?" तोफ मागून ओरडली. "अहो साहेब, सुनेला नववा महिना आहे! मागच्या वर्षी पण हेच—"

भोंग्यानं कर्णा मोठा केला. घोषणा सुरू झाल्या. तोफेनं घसा फाडला, हात हलवले, पुढं घुसायला बघितलं, पण जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. साहेब हसत हात हलवत गेले. आणि जाताना फळ्यासुद्धा घेऊन गेले, मेले!

सगळे पांगल्यावर ती काठावर बसली आणि रडायला लागली. दुःखानं नाही, निव्वळ चिडून. "मी काय मागितलं? सोनं मागितलं का? पोर नीट पलीकडं जाऊ दे एवढंच म्हटलं. गचांडी धरायला तरी कुणी ठेवा की माणसाला!" ती दगडाकडं बघून बोलत होती, पण आता दगडावर नावच दुसरं होतं.

नवरा जवळ उभा होता. तो काट्यांत पडलेल्या जुन्या दगडाकडं बघत होता.

"बरा जाड आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दगड. बरा जाड आहे." त्यानं पायानं काटे बाजूला सारले. "बैल जुंपू का?"

तोफ त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि उठली.

त्या संध्याकाळी ओढ्यावर अर्धं गाव लोटलं. बैलांनी दगड ओढून पाण्याच्या कडेला आणला. न्हाव्याची बायको धुण्याचा दगड द्यायला तयार नव्हती. "मी कुठं धुऊ मग?" म्हणून तिनं परस डोक्यावर घेतलं, पण तोफेपुढं तिचा किती टिकाव लागणार? पाथरवटानं धारेत उतरून दगड आडवे बसवायला खाली धोंड्यांची उंच बैठक रचली, खडी चेपली.

"पालथे घालायचे ना?" मास्तरांनी विचारलं. "कसेही असले तरी माणसाचं नाव आहे."

"पाठीमागून ओबडधोबड आहेत. पालथे घातले तर ते उंचवटे वर येतील, पाय मुरगळेल," पाथरवट म्हणाला. "नावाची बाजू वर. तशी ती गुळगुळीत आहे, पण अक्षरं मी खोल कोरलीत. पायाला धरतील."

दुसऱ्या दिवशी भोंग्या बोंबलत आला. वर डोंगरात पाऊस झाला होता आणि पाणी चढायला लागलं होतं. "हे काय चालवलंय? दोन-दोन माजी साहेब पाण्यात घातले! बाहेर काढा आधी!"

"का रे? जुने धरत नाहीत म्हणालास ना? तुम्ही फेकून दिले, आम्ही उचलले."

भोंग्या वरच्या लोकांना सांगतो म्हणाला, बघून घेतो म्हणाला, पण त्याची मोटरसायकल पलीकडं आणि पाणी गुडघ्याच्या वर. शेवटी बूट हातात घेऊन तो पहिल्या दगडावर चढला. नावावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं निघाला आणि दाणकन आपटला. एक बूट वाहून गेला.

"अरे नावावर ठेव पाय, नावावर!" तोफ काठावरून ओरडली. "तिथं घसरत नाही!"

निथळत उठलेल्या भोंग्यानं इकडं तिकडं बघितलं आणि दुसऱ्या दगडावर साहेबांच्या नावाच्या बरोबर मधोमध पाय दिला. पलीकडं पोचला बिचारा.

तोफेचं हसून झालं नव्हतं तोवर घरातून हाक आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

काठावर आल्यावर सून थांबली. पाण्याचा आवाज ऐकून तिनं दोन पावलं मागं घेतली. "आई, मला नाही जमायचं. मी परत पडेन."

"नाही पडायचीस. माझ्याकडं बघ. खाली अक्षरं लागतील बोटांना, ती धरून ठेव." तोफ पुढं झाली, सुनेचे दोन्ही हात धरून उलटी चालायला लागली. मागून सासरा. पाणी दगडांच्या कडेला लागून चाललं होतं, पण वर आलं नव्हतं. पहिल्या दगडावर सून कण्हत उभी राहिली. तोफ एका शब्दानं रागावली नाही. दुसरा दगड झाला. शेवटचा टप्पा लांब होता, तिथं पाण्यातच उतरावं लागलं, पण खाली वाळू होती आणि दोघांनी तिला जवळजवळ उचललीच. पलीकडं रस्त्यावर डेअरीवाला दुधाचा टेम्पो चालू ठेवून उभा होता.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी सगळी परत आली. पाणी उतरलं होतं. सून सावकाश दगडांवरून चालत आली, मागं तोफ, आणि तोफेच्या छातीशी दुपट्यात नात.

"आई," अलीकडं आल्यावर सून म्हणाली, "पलीकडचा तेवढा टप्पा लांब पडतो. अजून एक दगड पाहिजे होता."

"आहे की." तोफेनं हनुवटीनं चौथऱ्याकडं दाखवलं. नवा दगड उन्हात चकचकत उभा होता.

"तो कोण काढू देईल आपल्याला?"

"आपण कशाला काढायचा? तेच काढतील. आपण तेवढी वाट बघायची. दुसरं काय आहे आपल्या हातात?" आणि तिनं नेहमीसारखं त्या दगडाला चार शब्द सुनावले, फक्त पोरीची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात.

नवरा चौथऱ्यापाशी गेला. तो दगड किती जाड आहे ते बघत होता.