मंत्रीणबाईंची सही

आमच्या बायकोला आरोग्यमंत्री होऊन तीन वर्षं झाली, पण रांगेत उभं राहायची खोड काही गेली नाही. महिन्यातून एकदा तोंडाला मास्क लावून ती सरकारी दवाखान्यात केसपेपर काढते. म्हणते, "फायलीत काय, सगळं छानच दिसतं." सोबत मी. मी शिंपी, कपडे वेळेवर द्यायची आम्हाला सवय नाहीच, त्यामुळे दुकान बंद ठेवायला काही वाटत नाही.

मतदानाच्या दिवशीही बाई गेल्याच. प्रत्येक दवाखान्यात दुसरा डॉक्टर हवाच, या कायद्यासाठी ती अकरा वर्षं जिवाचं रान करत होती. दुपारी तीन वाजता विधानसभेत त्यावर मतदान, आणि आमच्या बाजूला एकच मत जास्त. सकाळी दहा वाजता सिस्टरनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाली, "दोनशे दहा! चला, खाटेवर."

"अहो, मी आरोग्यमंत्री आहे," बायकोनं मास्क काढला.

सिस्टरनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं परिपत्रक होतं: प्रेशर दोनशेच्या वर असलेल्या कोणालाही, मग तो कितीही मोठा असो, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सोडू नये. सोडणाऱ्याची नोकरी जाईल.

"खालची सही तुमचीच ना, मॅडम?"

घ्या! आणि डॉक्टर अख्ख्या इमारतीत एकच, तेही सकाळपासून ऑपरेशनमध्ये.

ती पोचली नाही तर मतं बरोबरीत, आणि बरोबरीत आली की कायदा पडणार. बायको मला खुणावत होती, मागच्या जिन्यानं काढ मला. खरं सांगतो, मी न पाहिल्यासारखं केलं. कायदा मलाही हवा होता, पण बायको जास्त हवी होती. 

अडीच वाजता विरोधी पक्षनेते आले. हातात गुलदस्ता, मागे फोटोवाले, तोंडानं "आजारपणाचं नाटक बघायला आलोय." आदल्या दिवशीच त्यांनी दोन तास भाषण ठोकलं होतं, की एक डॉक्टर पुरे झाला. लिफ्ट बंद असल्यानं तीन जिने चढून गडी लालबुंद झाला होता.

"बसा," म्हणत सिस्टरनं पट्टा बांधला. "दोनशे वीस. ती शेजारची खाट तुमची."

"वेड लागलंय का? मला तीनला मतदान आहे!"

सिस्टरनं भिंतीकडे बोट दाखवलं.

बायको उशीत तोंड खुपसून अशी हसायला लागली की खाट कुरकुरली. "मॅडम, हसू नका, प्रेशर वाढेल!" सिस्टर ओरडली, तशी ती आणखीच खिदळली. त्यांच्याकडचंही एक मत कमी झालं होतं!

सव्वातीनला फोन आला. एका मतानं मंजूर! अख्ख्या वॉर्डानं टाळ्या पिटल्या. पाय मोडलेल्या एका आजोबांनी तर प्लास्टरच खाटेवर आपटलं. बायको रडत होती, मीही तिचा हात धरून रडलो आणि हसलोही.

पाच वाजले, सहा वाजले, तरी डॉक्टरांचा पत्ता नव्हता. नेते छतावरचा पंखा बघत पडले होते. मग कूस बदलून त्यांनी मला हळूच विचारलं,

"भाऊजी, तो दुसरा डॉक्टर कधीपासून येणार?"