राक्षसाच्या वहाणा

गोमाजी उमरठहून चालत निघाला, पोलादपुरात एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी महाडात पोचला, तो एका राक्षसासाठी. राक्षस म्हणजे त्याचा मुलगा भिकू. त्याला मुंबईला जाऊन सहा वर्षं झाली होती. आईच्या दिवसांनाही तो आला नव्हता. मग यंदा चैत्रात त्याचं कार्ड आलं, तेही दुसऱ्याच्या हातचं. 'सिनेमा कंपनीत आहे. राक्षसाचं काम केलंय. खेळ महाडला येईल तेव्हा बघा.' येतो, असं त्यात कुठंच नव्हतं. तरी गोमाजीनं ते शेजारच्या कोंडाजीकडून चारदा वाचून घेतलं. पोराचं तोंड बघायला मिळणार, एवढाच अर्थ त्यानं काढला.

खेळ भाताच्या वखारीत होता, दारांना गोणपाट लावून. चित्र मुकं, पडद्यावर अक्षरं आली की खेळवाला ती मोठ्यानं वाचून दाखवी. आधी जंगलाचा एक छोटा खेळ झाला. वाघ आला तशा बायका किंचाळल्या. गोमाजीला हसू आलं. वाघाचं पोट तट्ट फुगलेलं, आणि नजर हरणावर नाही, बाजूला उभ्या असलेल्या कुणावर तरी.

"चारून आणलाय त्याला," तो पुटपुटला. रानात जन्म काढलेल्याला कोण फसवणार?

पुढच्या बाकावर मुरारी मास्तर होते. ते एका साप्ताहिकात खेळांवर टीका लिहीत, आणि लिहायच्या आधी ती सगळ्या वखारीला ऐकवीत. मोठा खेळ सुरू झाला. देव उडाला तशी त्यांना तार दिसली. मगर लाकडाची निघाली.

मग राक्षस आला. राक्षसाच्या तोंडावर हनुवटीपर्यंत मुखवटा होता. सुळे, जटा, अंगाला काजळी. यात भिकू शोधायचा कुठं? अर्धा खेळ त्यानं मुखवट्याच्या भोकांतले डोळे न्याहाळण्यात घालवला. परक्याचे असते तरी ते तसेच दिसले असते.

राक्षस गावात शिरला. माणसं खळं टाकून पळाली. आता हा भाताची रास तुडवणार, म्हणून सगळे श्वास रोखून बसले. पण तो खळ्याच्या कडेला थांबला. पायांतल्या थोरल्या वहाणा काढल्या, वाकून भुईला हात लावला, तो कपाळाला नेला आणि मगच आत जाऊन रास हातांनी उधळली. पाय लावला नाही.

वखार खो खो हसली.

"घ्या, सोवळ्यातला राक्षस," मास्तर म्हणाले. "कापून टाकायला हवं हे."

गोमाजी मात्र रडत होता. खळ्यात पायताण न्यायचं नाही, राशीला पाय लावायचा नाही, हे त्यानंच भिकूला पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. पोरगा घरी यायचा विसरला, पण हे विसरला नव्हता.

खेळ सुटल्यावर तो मास्तरांना गाठून म्हणाला, "मास्तर, तो राक्षस माझा पोरगा हाय. चुकला नाय तो. आमच्याकडं तसंच करतात."

मास्तर माणूस वाईट नव्हते. "बाबा, तुमच्या पोरानं चांगलंच केलं," ते म्हणाले. "पण राक्षसानं वाईट केलं."

गोमाजी धर्मशाळेत राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून बसला. शेजारच्या माणसाला त्यानं बसल्याबसल्याच सांगून टाकलं, माझा पोरगा यात हाय, आला की दावतो.

राक्षस गावात शिरला. माणसं पळाली. आणि एकदम राक्षस राशीपाशीच उभा, दोन्ही हातांनी भात उधळतोय. मधलं काहीच नाही. आज कुणी हसलं नाही.

गोमाजी उठून खेळवाल्याकडे गेला. "खळ्याच्या कडेला थांबतो, ते कुठं गेलं?"

"कापलं. मास्तर म्हणाले, लोक हसतात."

"मंग तो तुकडा द्या मला."

"जाळला, बाबा. फितीचे तसले तुकडे ठेवले तर आपोआप भडका उडतो."

गोमाजी जागेवर येऊन बसला. पडद्यावर देव राक्षसाला मारत होता आणि लोक टाळ्या पिटत होते.

"बाबा, खेळ संपत आला," शेजारचा म्हणाला. "तुमचा पोरगा कुठला यातला?"

गोमाजीनं पडद्याकडे नीट बघितलं.

"आज नाय आला तो," तो म्हणाला.