निळसर बाटली आणि डावा गुडघा

तीन वर्षं मी एकच रेणू पाळलाय. त्याची एक बाजू पाण्याची लाडकी, दुसरी फ्लोरिनची, म्हणजे नॉनस्टिक तव्याच्या लेपाच्या भाऊबंदांतली. तिला ना पाणी चालतं ना तेल. द्रावकात विरघळवून वर पाणी घातलं की या रेणूंनी आपणहून एकत्र यायचं, फ्लोरिनची बाजू आत लपवून इवले इवले गोळे करायचे आणि बाटलीत निळसर झाक दिसायची. हे सगळं कागदावर. माझ्या बाटलीत दर वेळी तळाला पांढरा चोथा.

"शुक्रवारी शेवटचं बघतो," प्रयोगशाळेतले माझे गाइड सर म्हणाले. "नाही जमलं तर विषय बंद."

तीन वर्षं मातीत! माझा जीव टांगणीला लागला.

बुधवारी मी पाण्याची सिरिंज उचलली आणि मावशीचा फोन आला. मावशी बोलायला लागली की आपण फक्त 'हो, हो' करायचं. आधी डावा गुडघा, मग उजवा, मग जिन्यात चपला काढणारी शेजारीण. मोबाइल खांद्याशी दाबून मी आपली एकेक थेंब सोडत राहिले. फोन ठेवला तेव्हा दीड तास उलटला होता आणि बाटली निळसर! चोथ्याचं नाव नाही. मी जागच्या जागी नाचले. म्हणजे इतकी वर्षं मी घाईघाईने भसाभस पाणी ओतत होते. स्वभावच मेला तसला.

शुक्रवारी सर समोर येऊन बसले. दहाव्या थेंबालाच माझा हात शिवशिवायला लागला. मी सरळ मावशीला फोन लावला, स्पीकरवर.

"मावशी, गुडघा कसा आहे गं?"

पलीकडे शांतता. मावशी, आणि शांतता!

"काय झालंय तुला?" ती घाबरून म्हणाली. "तू कधी विचारत नाहीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आज विचारतेय ना. सावकाश सांग."

तिने सांगितलं. मध्येच म्हणाली, "तुझा तो खडूस साहेब अजून छळतो का?" मी सरांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी पुढचा थेंब सोडला.

दीड तासाने सरांनी बाटली उजेडात धरली. निळसर.

"विषय चालू," ते कुजबुजले आणि चवड्यांवर बाहेर गेले.

आज कोणी ऐकतंय म्हटल्यावर मावशी अजून डाव्या गुडघ्यातच होती. माझं काम झालं होतं. मी सिरिंज खाली ठेवली, खुर्ची ओढून बसले.

"हं, मग डॉक्टर काय म्हणाले?"