टॉवेलच्या कोपऱ्यातला हिरवा टाका

ड्रायर बघायला निघताना आईने पिशवीत ओला टॉवेल घेतला. यंत्र घ्यायचं तर आपलं कापड वाळवून बघायचं. दुकानात कोणी अदलाबदल करू नये म्हणून टॉवेलच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा टाकाही घातला होता. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. कापडाच्या बाबतीत ती सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसे.

"काकू, इथे कपडे वाळवून देत नाही आम्ही," विक्रेता म्हणाला.

"मग विकता काय, नुसता डबा?"

त्याने टॉवेल यंत्रात टाकला. आई स्टूल ओढून काचेसमोर बसली. मग बरोबर आलेल्या लेकीकडे वळली.

"तुला अचानक हे खूळ कुठून आलं गं? मला जिना झेपत नाही, असे कोणी कान भरले?"

"कोणी नाही. मलाच वेळ नसतो वाळत घालायला."

"तू कधी घातलेस?"

लेक नुसती हसली. आठ दिवसांपूर्वी तिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं: गच्चीच्या जिन्यावर, बादली शेजारी ठेवून, आई छाती दाबून बसलेली. विचारलं असतं तर आई उखडली असती. म्हणून तिने दार हळूच लोटून घेतलं आणि ड्रायरच्या किमती बघायला बसली.

टॉवेल कोरडा, ऊन ऊन निघाला. आईने आधी टाका तपासला, मग यंत्राच्या जाळीत अडकलेली लव चिमटीत धरली.

"बघ, कापड खातो मेला."

"आई, घ्यायचा की नाही?"

"घे. पण तू काहीतरी लपवतेयस."

यंत्र गुरुवारी येणार होतं. "तोवर कपडे काय तुंबवून ठेवू?" म्हणत दुसऱ्याच दिवशी सकाळी आई बादली घेऊन निघाली, आणि जिन्यावरच तिचा जीव गेला.

पैसे भरलेले होते. यंत्र ठरल्या दिवशी आलं. पंधरा दिवस ते खोक्यातच राहिलं. मग लेकीने त्या बादलीतले कपडे पुन्हा धुतले, ड्रायरमध्ये टाकले आणि समोर खुर्ची ओढून बसली. कपड्यांबरोबर तो टॉवेलही फिरत होता. यंत्र थांबल्यावर तिने कोपरा चाचपला. टाका जागेवर होता.

"आई," ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली, "तुला जिन्यावर बसलेलं मी पाहिलं होतं. आणि मी दार लावून घेतलं."