इसम एक, एकटा

“काकू, सॉरी म्हणून मारू नका.”

क्लबहाउसमधल्या सगळ्या बायका हसल्या. सरोजही हसली. समोर अक्षदा छातीशी लाल पॅड धरून उभी होती. वय चोवीस, केस मुलासारखे कापलेले, दर शनिवारी सोसायटीतल्या बायकांना स्वसंरक्षण शिकवायला कळव्याहून यायची.

“आधी ओरडायचं. पोटातून. मग कोपर. बोला, कोणावर राग आहे तुमचा?”

“कोणावरच नाही गं.”

“असं कसं? सून नाही का?”

पुन्हा हसू. सून हेमांगी मागच्या मॅटवरच होती. “अक्षदा, मला घरी जायचंय हां अजून,” ती म्हणाली.

सरोजने डोळे मिटले. एक माणूस आठवला. करडा शर्ट, डोक्याला मफलर. तिने कोपर मारलं. अक्षदा दोन पावलं मागे गेली.

“बापरे! कोण होतं हे?”

सरोजने पुन्हा कोपर वर घेतलं.

·

वही. पान ८८.
१४ जानेवारी. सकाळी ७.०५. ओहोटी.
शेकाट्या ३१. तुतवार ४. चित्रबलाक १, एकटा.
इसम १, एकटा. करडा शर्ट. होडीपाशी उभा. होडीकडे पाहत नाही.

·

ही वही पक्ष्यांची. कोलशेतला खाडीच्या बाजूला सोसायटीचं एक छोटं मागचं गेट आहे. ते सकाळी दोन तास उघडतं. तिथून पायवाटेने दोन मिनिटं चाललं की तिवरं, चिखल आणि पाणी. नवरा गेल्यावर सरोजची झोप उडाली, रक्तदाब वाढला, डॉक्टर म्हणाले चाला. ती चालली. चालताना पक्षी दिसले. मग साकेतने, तिच्या मुलाने, दुर्बीण आणली. हळूहळू झोप परत आली. एवढंच. यात मोठं काही नाही, पण त्रेसष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट फक्त आपली असणं तिला फार मोलाचं वाटायचं.

साकेतची अट एकच होती. “आई, एकदा जरी काही झालं ना, तर बंद. मग खाली सोसायटीच्या आवारात, पोडियमवर चालायचं.”

म्हणून त्या माणसाबद्दल ती घरात बोलली नव्हती.

·

पान ८९.
१७ जानेवारी. ७.१०. पूर्ण भरती.
वंचक ६. खंड्या १.
इसम, तोच. माझ्यापासून साठ पावलांवर. मी थांबले की थांबतो.

·

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सरोज अठ्ठावीस वर्षं तपासणी विभागात होती. मोजमापाची उपकरणं बनायची. तिथली एक शिस्त हातात मुरली होती. वेगळं दिसलं, की पहिल्यांदा नोंद करायची. दुसऱ्यांदा दिसलं, की लाल खूण. तिसऱ्यांदा दिसलं, की तो माल बाजूला काढायचा, मग कोणी काही म्हणो. अठ्ठावीस वर्षांत ही शिस्त कधी चुकली नाही.

सतरा तारखेच्या नोंदीपुढे तिने लाल पेनाने खूण केली.

मग विचार केला. मासे पकडणारा असता तर भरती-ओहोटी बघून आला असता. भरतीची वेळ रोज पुढे सरकते. हा मात्र ओहोटीलाही सातला, भरतीलाही सातला.

हा पाण्याची वेळ बघून येत नाही. माझी वेळ बघून येतो.

हा तर्क बरोबर होता. तो बरोबर होता हेच नंतर तिला जास्त छळत राहिलं.

·

पान ९०.
२१ जानेवारी. ७.००. भरती लागलेली.
पाणकावळे १२.
इसम

·

पुढे लिहायचं राहिलं, कारण तो चालत तिच्याकडे येत होता.

“ओ बाय!”

सरोजने वही बंद केली. वाटेला एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला होड्यांच्या जुन्या धक्क्याचे ओले दगड. मागे गेट, दोनशे पावलांवर.

“वही दावा.”

“काय?”

“वही, वही. काय लिवता रोज? दावा मना.”

त्याने हात पुढे केला. वहीला बोटं लागली. सरोजचं कोपर वर गेलं आणि त्याच्या बरगडीत बसलं. मॅटवर बसलं होतं त्यापेक्षा जोरात. तो दगडावरून सरकला, उजवा हात खाली टेकला आणि तसाच बसून राहिला. शिवी दिली नाही. “आयो” म्हणाला फक्त, लहान आवाजात.

जवळून तो साठीचा दिसत होता. मनगट वाकडं झालं होतं.

“मारलास मना,” तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता, त्याचा विश्वासच बसत नव्हता. “बाईमानसानी मारलान.”

“तुम्ही माझ्या मागे का येता?”

“मी? तुमी आमच्या बंदरावं येता! कवापासून बगतंय. दुर्बीण लावता, मोजता, लिवता. आता कवा तोरनार, त्या तरी सांगा.”

“कोण तोडणार? काय?”

तेव्हा सगळं कळलं. त्याचं नाव सहदेव. गाव इथलंच, रस्त्याच्या पलीकडचं. चार वर्षांपूर्वी असेच दोघं आले होते, सकाळचे, वही घेऊन. तीन पायांवर काचेचं यंत्र लावून मोजत होते.

“मी चाय पाजली त्यांना. सावलीत बसवला. त्यांनी लिवला, हितं कोन येत नाय, बंदर वापरात नाय. अर्धा बंदर भरावाखाली गेला. तवापासून लिवनारा मानूस बगला का मना झोप नाय येत.”

सरोजने वही उघडून त्याच्यासमोर धरली. तो डाव्या हाताचं बोट फिरवत, थांबत थांबत वाचू लागला. शेकाट्या. तुतवार. मग बोट थांबलं.

“इसम एक. एकटा.” त्याने वर पाहिलं. “ह्यो मीच ना?”

“हो.”

“पाखरांच्या खाली लिवलास मना.”

सरोजने वही मिटली. “डॉक्टरकडे चला,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.”

तेवढ्यात गेटवरचा प्रीतम काठी आपटत धावत आला. “ए! मॅडमला हात लावतो? निकल इधर से!” सहदेव उठला, मोडलेला हात पोटाशी धरला आणि गावाच्या दिशेने चालू लागला. सरोज “अहो, थांबा” म्हणत राहिली. प्रीतम मोबाईल काढून त्याच्या पाठीचा फोटो घेत होता.

·

सोसायटीचा ग्रुप, सकाळी ९ ते ११.

सरोजकाकू 🙏🙏 वाघीण!!
काकू आमच्या विंगच्या आहेत, बी विंग.
अक्षदा: एक क्लास, एक कोपर! पुढच्या बॅचसाठी दहा जागा बाकी.
हे लोक तिथे करतात तरी काय सकाळी?
फोटोतला माणूस ओळखा आणि फॉरवर्ड करा.
मासे पकडतात हो.
ते सगळे असंच सांगतात.

·

सेक्रेटरी करंदीकर संध्याकाळी कागद घेऊनच आले.

“मजकूर मी तयार केलाय. तुम्हाला त्रास नको. फक्त सही.”

सरोजने चष्मा लावला.

*मी, खाली सही करणार, सकाळी फिरत असताना एका अनोळखी इसमाने वाईट हेतूने माझ्यावर*

“हे असं झालं नाही. त्याने वही मागितली. मी मारलं.”

“वहिनी, असं लिहिलं तर तक्रार तुमच्यावरच होईल,” करंदीकर हसले. मग हसू आवरून म्हणाले, “सरळ सांगतो. तक्रार गेली, की पोलिसांची फेरी सुरू होईल. त्या होड्याबिड्या हटतील. आपण गेटवर आणखी एक माणूस बसवू, आणि गेट चालू राहील. तक्रारच नसेल, तर कमिटी रिस्क कशी घेणार? कुलूप लावावं लागेल.”

“आई, कर ना सही,” साकेत म्हणाला. “तुझ्याच फिरण्यासाठी चाललंय हे सगळं.”

“त्याचा हात मोडलाय रे.”

“त्याचं सोड. तुला काही झालं असतं तर?”

सरोजने पेन हातात घेतलं. खरं सांगायचं तर ते तिच्या हातात बराच वेळ राहिलं. सही केली, की उद्या सात वाजता शेकाट्या होत्याच. नाही केली, तर पोडियमवरचं प्लास्टिकचं गवत. आणि माणूस मागे येत होता हे तर खरंच होतं. बोटं वहीला लागली हेही खरं. एवढं खरं पुरे नाही का?

पण आता तिला तिचाच संशय येत होता. आधी ओरडायचं, मग कोपर. ती ओरडलीच नव्हती. शनिवारपासून ते कोपर तयार होतं, त्याला फक्त माणूस हवा होता. त्याचं नाव विचारायच्या आधी तिने त्याच्यापुढे लाल खूण केली होती.

“वहिनी?”

“यातला अनोळखी हा शब्द चूक आहे,” सरोज म्हणाली. “त्यांचं नाव सहदेव.”

“बरं, नाव घालू.”

“वाईट हेतूही चूक आहे.”

“मग राहिलं काय?”

सरोजने कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: *सहदेव यांनी मला इजा केली नाही. माझा गैरसमज झाला आणि मी त्यांना मारलं. तो धक्का त्यांच्या रोजच्या वापरात आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे.* खाली पूर्ण नाव, तारीख. मोबाईलने फोटो काढून तिने तो ग्रुपवर टाकला. करंदीकरांसमोरच.

साकेत उठून आत गेला. हेमांगीने चहाचे कप उचलले आणि जाताना सासूच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. कोणी अंगठासुद्धा टाकला नाही.

·

गेटला साखळी लागली. साकेतची अट होतीच, ती वेगळी बोलावी लागली नाही. मुख्य गेटवरून खाडीकडे जायला रिक्षाने मोठा वळसा पडतो, आणि तिकडून वाट आहे की नाही हे कोणालाच नीट माहीत नाही.

आता ती सात वाजता पोडियमवर वीस फेऱ्या मारते. अक्षदाने नव्या बॅचसाठी विचारलं, ती नको म्हणाली. झोप तीनला मोडते.

चालून आल्यावर ती आठव्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहते. इतक्या वरून पक्षी म्हणजे चिखलावरचे ठिपके. होडी मात्र दिसते. अकरा दिवस ती काठाला पालथी होती. बाराव्या दिवशी भरतीला सहदेव आला. उजव्या हाताला पांढरं काहीतरी. बरोबर एक बाई होती, साडी वर खोचलेली. तिने होडी मागून ढकलली, त्याने एका हाताने ओढली. होडी पाण्यात गेली, तो आत चढला, आणि एकाच हाताने वल्हवताना ती जागच्या जागी दोनदा गोल फिरली. बाई काठावर कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

इकडे खिडकीत सरोजचा चहा निवला होता.

बऱ्याच वेळाने होडीचं तोंड सरळ झालं.