शिडी आणि न कापलेलं जाळं

मित्रांनो, अमेरिकेत डकोटातल्या आमच्या छोट्या कॉलेजात बास्केटबॉलच्या जिममागे एक अडगळीची खोली आहे. तिथे भिंतीला टेकून जी पिवळी लाकडी शिडी उभी आहे ना, ती मी. कॉलेजच्याच सुताराने मला घडवलं. बल्ब बदलणं, भिंती रंगवणं अशी कामं मी पुष्कळ केली, पण खरं सांगू? माझा जीव एकाच कामात होता.

आमच्या गटात दहा कॉलेजं. हिवाळाभर ती एकमेकांशी खेळतात. ज्या वर्षी आमच्या मुली गटात पहिल्या येत, त्या वर्षी मला वाजतगाजत बास्केटखाली उभं करत. एकेक मुलगी चढायची, कात्रीने बास्केटच्या जाळ्याच्या बारा गाठींतली एक कापायची नि जपून घरी न्यायची. शेवटची गाठ कोचची. अशी मी सहा वेळा उभी राहिले. टाळ्या पडायच्या, तेव्हा त्यातल्या थोड्या आपल्याही आहेत असं मला उगीचच वाटायचं.

सातवी वेळ एकोणीस वर्षांपूर्वी आली. कर्णधार टॅमसिन हॉगलंडचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. अठरांपैकी सोळा सामने जिंकून मुली गटात पहिल्या आल्या. जिमची देखभाल करणारा म्हातारा आर्लन मला खांद्यावर घेऊन धावतच आला. पण कोच डेल्फीनबाईंनी हात वर केला.

"आज नको. देशातल्या चौसष्ट संघांच्या स्पर्धेचं बोलावणं येऊ दे, मग कापू. तेव्हा खरी मजा!"

"कोच, आत्ताच कापू या ना," टॅमसिन म्हणाली. "कात्री हातातच आहे माझ्या."

"अगं, धीर धर की जरा! पहिल्या आलोय आपण. कोण डावलणार आहे आपल्याला?"

मला परत खोलीत नेऊन ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात गटाची बाद फेरी झाली. ती जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश होता. आमच्या मुली अंतिम सामन्यात एका गुणाने हरल्या. आता सगळं निवड समितीच्या हातात. निवडीच्या संध्याकाळी जिममध्ये टीव्ही लावला आणि मला बास्केटखाली तयार ठेवलं. चौसष्ट नावं वाचून झाली. आमचं नव्हतं. एका बड्या गटात आठवा आलेला संघ मात्र होता.

"हा कुठला न्याय?" आर्लन भडकला. "निम्म्याहून जास्त गटसामने हरलेले चालले, आणि पहिल्या आलेल्यांनी घरी बसायचं? मग हिवाळाभर खेळलो कशाला, झक मारायला?"

"समिती गटातला नंबर बघतच नाही, आर्लन," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाला हरवलं ते बघते. त्यांनी देशातल्या पहिल्या दहांतल्या तिघांना लोळवलंय. आपण कुणाला हरवलं?"

"मग बोलवा की त्या बड्यांना आपल्याशी खेळायला! येतात का?"

"नाही येत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मला दोघांचंही पटत होतं. टॅमसिन माझ्याजवळ आली, दोन पायऱ्या चढली, जाळ्याकडे बघत थांबली.

"चढ पोरी, काप," आर्लन म्हणाला. "तुझंच आहे ते."

"आता कशाबद्दल कापू?" असं म्हणून ती खाली उतरली. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर एकही खेळाडू माझ्यावर चढली नाही.

उन्हाळ्यात आर्लनने ते जाळं अख्खंच सोडवलं आणि माझ्या वरच्या पायरीला अडकवलं. मग चाकांची लोखंडी शिडी आली. आर्लनही नोकरीतून निवृत्त झाला. आता फरशी पुसायचं फडकं न्यायला कुणी आलं तरच दार उघडतं. माझ्याकडे कुणी बघत नाही. फार एकटं वाटतं हो.

मित्रांनो, निवड करताना गटाचा निकाल धरावा की नाही, ते शहाण्यांनी ठरवावं. मला एवढंच कळतं की ते सोळा सामने त्या मुलींनी जिंकले होते, समितीने दिले नव्हते. तुम्ही काही मिळवलंत तर त्याच दिवशी साजरं करा, दुसऱ्याच्या होकारासाठी अडून राहू नका. आणि टॅमसिन कधी भेटली तर सांगा, तुझं जाळं शिडीने जपून ठेवलंय. बाराही गाठी शाबूत आहेत. माझ्या पायऱ्याही अजून घट्ट आहेत. कात्री तेवढी घेऊन ये म्हणावं.