उलट्या हातावरची टाळी

आमचे होणारे व्याही चष्म्याचं दुकान चालवतात, त्यामुळे दुसऱ्याला काय दिसत नाही हे त्यांना फार लवकर दिसतं. मागच्या भेटीत त्यांनी आमच्या पडद्याचा रंग, माझ्या चपलेचा अंगठा आणि मशिदीतल्या इमामांचा एक उच्चार एवढं सगळं दुरुस्त करून दिलं. इमाम तिथे हजर नव्हते, ही गोष्ट वेगळी. जाताना म्हणाले, "काही लोकांची नमाज जन्मभर दोनच सूरहवर चालते हो. दाढी पिकते, पण सूरह त्याच."

मी मान डोलावली. त्या काही लोकांत मी असल्यामुळे दुसरं काय करावं ते मानेला सुचलं नाही.

नमाजेत फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली सूरह, झाल्यावर कुराणातला आणखी काही भाग म्हणायचा असतो. त्यासाठी माझ्याकडे सगळ्यांत छोट्यांपैकी दोन सूरह, म्हणजे अध्याय, आहेत आणि त्यांच्यावर माझा संसार चालतो. बाकीच्या दुआ, म्हणजे सना, अत्तहियात, दरूद, पाय आपोआप घराकडे वळावेत तशा जिभेवर येतात. मी ग्रंथपाल होतो. कुराणावरची भाष्यं कपाटभर आहेत, कुठल्या सूरहचा अर्थ कोणी कसा लावला ते विचारा. म्हणून दाखवा असं मात्र विचारू नका.

चष्मेवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. लग्नानंतर सुनेने नोकरी सोडावी. त्यावरही माझी मान हलली होती, त्याच ओघात.

माझी मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. चष्मेवाल्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, तेही चष्म्याशिवाय. चष्मेवाले गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अब्बा, तुम्ही हो म्हणालात?"

"हो नाही म्हणालो. मान हलली."

"मग पुढच्या वेळी आडवी हलवा. तो घरात भांडून थकला. त्याचे अब्बा म्हणतात, मुलीच्या बापाने कबूल केलंय, तू कोण? मी बोलले तर मुलगी उलट बोलते. तुम्हालाच बोलावं लागेल. नाही बोललात तर मी हे लग्न मोडते. मला तो हवाय, पण लॅबसुद्धा हवीय."

"बोलेन," मी म्हणालो. बायको आतून हसली. तिचं हसणं मला पाठ आहे.

शहाण्या माणसाने बोलायचा सराव केला असता. मी नवी सूरह पाठ करायला घेतली. माझा हिशोब असा होता की चष्मेवाले लग्नाची तारीख ठरवायला संध्याकाळी येणार, म्हणजे मगरिबची नमाज आमच्याकडेच होणार. घर ज्याचं त्याने इमाम होऊन पुढे उभं राहायचं ही रीत. मगरिबला मोठ्याने म्हणावं लागतं. तिथे नवी सूरह ऐकवली की वजन वाढेल, आणि वाढलेल्या वजनावर नोकरीचं बोलता येईल. घाबरट माणसाचे बेत असेच लांबच्या रस्त्याने जातात.

मी सूरह काफिरून निवडली. लहान मुलंही ती म्हणतात, म्हणजे मला जमायला हरकत नव्हती. सुरुवात अर्थात भाष्यांपासून केली. पोहायला शिकायच्या आधी पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते वाचावं, तसं. बायको इस्त्री करता करता ऐकत होती.

"अहो, पुस्तक मिटा आणि म्हणा."

मी म्हणालो. आणि पुन्हा म्हणालो. आणि पुन्हा तिथेच आलो.

"गोल फिरताय," ती म्हणाली. "यात एक आयत दोनदा येते, अगदी तीच. पहिल्यांदा आली की पुढे चालायचं. दुसऱ्यांदा आली की शेवटची, लकुम दीनुकुम, आणि घर आलं. तुम्ही दुसऱ्यांदाही पहिल्यासारखेच जाता, मग घर कसं येणार?"

"हे भाष्यात नाही."

"भाष्य लिहिणाऱ्यांच्या बायका इस्त्री करत असतील. विचारलं नसेल कोणी."

शेवटी जमलं. स्वयंपाकघरात, जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीतही जमलं. न्हाव्याने विचारलं, काही म्हणालात का? मी म्हणालो, नाही.

ठरल्या संध्याकाळी चष्मेवाले मुलाला घेऊन आले. चहा यायच्या आत अजान झाली. पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. बायको आणि मुलगी पडद्यामागे आतल्या खोलीत उभ्या राहिल्या.

"घर तुमचं, मान तुमचा," चष्मेवाले म्हणाले. "चुकलात तर आम्ही मागे आहोतच."

ही धमकी होती की धीर, ते मला अजून कळलेलं नाही.

फातिहा नीट झाली. मग मी काफिरून सुरू केली. मागे चष्मेवाल्यांचा श्वास जरा थबकला आणि मला बरं वाटलं. नमाजेत असं बरं वाटू नये, हे मी वाचलेलं आहे. तीच आयत पहिल्यांदा आली, मी पुढे गेलो. दुसऱ्यांदा आली. आता लकुम दीनुकुम. मला अगदी स्पष्ट आठवत होतं. फक्त श्वास घ्यायला मी क्षणभर थांबलो.

इमाम अडला तर मागच्याने पुढचा शब्द सांगायचा असतो. त्याला लुकमा म्हणतात, म्हणजे घास. पण तो भुकेल्याला द्यायचा. चष्मेवाल्यांनी मी नुसतं तोंड उघडलं तेवढ्यात घास भरवला, आणि तोही उलटा: मधली आयत, मला मागे नेणारी. उच्चार मात्र नितळ.

मला माहीत होतं ते चुकलेत. पण इतक्या सुंदर उच्चाराचा माणूस चुकेल आणि मी बरोबर असेन, हे मला माझ्याबद्दल पटेना. मी मागे गेलो. फिरून तिथेच आलो, धसकून पुन्हा थांबलो, आणि पुन्हा तोच घास आला, या वेळी जरा रागाने.

तेव्हा पडद्यामागून टाळी वाजली. नमाजेत इमाम चुकला तर बायका बोलत नाहीत, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या पाठीवर मारतात. टाळीत आयत सांगता येत नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर टाळीचेही उच्चार कळतात. ही म्हणत होती: अहो, घरी या.

मी पुन्हा दुसऱ्या फेरीच्या त्याच आयतीवर आलो, आणि श्वास न घेता लकुम दीनुकुम वलिय दीन म्हणून सरळ रुकूत वाकलो. दुसऱ्या रकातीला, म्हणजे नमाजेच्या पुढच्या आवर्तनाला, माझी जुनी सूरह घेतली. ती बिचारी कधी कोणाला घास मागत नाही.

सलाम फिरवून नमाज संपवल्यावर दुआ झाली.

"आमच्याकडे ही सूरह छोटी समजतात," चष्मेवाले म्हणाले.

"अब्बा, लिफ्ट वर निघाली होती," मुलगा हळूच म्हणाला. "तुम्हीच मधल्या मजल्याचं बटण दाबत होतात."

"मी बघत होतो त्यांना ठाम राहता येतं का." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चहा आला. अर्धा कप संपला आणि ते म्हणाले, "बरं, तारखेचं बघू. नोकरीचं तर मागेच ठरलंय."

एवढ्या सगळ्यानंतर माझी मान, खरं सांगतो, खाली जायला निघाली.

पडद्यामागे टाळी वाजली. तीच, उलट्या हातावरची.

चष्मेवाले दचकले. "आता कसली नमाज चाललीय आत?"

"माझी चूक झालीय," मी म्हणालो. "ठरलेलं नाही ते. तिने नोकरी सोडायची नाही."

"तुम्हीच तर मान डोलावली होती!"

"तेव्हा चुकलो. आज दुरुस्त करतोय. ती सोडणार नाही, आणि हे मी सांगतोय." आवाज नको तिथे फाटला, पण वाक्य पूर्ण झालं. मुलाने कप खाली ठेवला.

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे, मग आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा मान आडवी हलवून बसला होता, अगदी तयारीत.

"मागच्या रांगेत उभं राहिलं की इमामाच्या मागे जावंच लागतं," ते शेवटी म्हणाले. "करू दे नोकरी. पण साहेब, शेवटच्या आयतीआधी थांबत जाऊ नका. मागच्यांचा गैरसमज होतो."

मी मान डोलावली. एवढी मला परवडत होती.